वस्ती कशी आहे?

२०२४ सालच्या ऑगस्ट महिन्यातील एका रविवारी सकाळी, न्यू जर्सी राज्यातील एका लहानशा गावात, आम्ही एका रस्त्याच्या कडेला उभे होतो. मी, सौ., मुलगा, सूनबाई आणि लवकरच पाच वर्षांची होणारी नात. रस्ता अगदी साधा. दोन्ही बाजूंना मेपलची झाडे, कापलेली हिरवळ, प्रत्येक दारात एखाद-दुसरी मोटार. मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, हा रस्ता म्हणजे हद्द. या बाजूची मुले एका शाळेत जातात, त्या बाजूची दुसऱ्या.’’ मी रस्त्याकडे पुन्हा पाहिले. खुणेचा दगड नव्हता, पाटी नव्हती. परंतु डाव्या हाताचे जे घर आम्ही नुकतेच पाहून आलो होतो, त्याची किंमत उजव्या हाताच्या, अर्ध्या मैलावरील घरापेक्षा एक लाख दहा हजार डॉलरनी अधिक होती. आणि एक खोली जास्त होती ती मात्र उजवीकडच्या घराला.

माझी सारी नोकरी गुजरात सरकारच्या महसूल खात्यात गेली. हद्दीचे वाद, मोजणीची भांडणे, शेताच्या बांधावरून फुटलेली डोकी, सगळे पाहिले. पण दोन शिवांच्या मधल्या रस्त्याने जमिनीच्या भावात एवढी दरी पाडल्याचे मला आठवत नाही. आमच्याकडे रस्त्याच्या एका बाजूला एक तलाठी आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, एवढाच फरक असे.

हा प्रश्न माझ्यासाठी केवळ कुतूहलाचा नव्हता. दांडिया बाजारातील वाड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या आमच्या हिश्श्याला आहेत. पणजोबा सरकारवाड्यातल्या नोकरीसाठी बडोद्याला आले तेव्हापासूनच्या. डावीकडचे घर घ्यायचे तर त्या खोल्या विकून मुलाला हातभार लावावा असे आमचे ठरत आले होते. मुलाने मागितले नव्हते. मीच म्हटले होते. म्हणजे एका अर्थी, परक्या मुलखातल्या एका सरकारी शाळेसाठी वाडा जाणार होता.

सरकारी शाळा हा शब्द मी जाणून वापरतो. आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हटले की भरमसाट फी, टाय आणि बूट डोळ्यांसमोर येतात. तिकडे पब्लिक स्कूल म्हणजे खरोखरच सार्वजनिक, बिनफीची शाळा. ज्या हद्दीत तुम्ही राहता तेथील शाळेत तुमच्या मुलाला प्रवेश मिळणे हा त्याचा हक्क. चिठ्ठी नको, ओळख नको, देणगी नको. ऐकताना मोठे समाधान वाटले. मग हिशेब कळला. शाळांचा मोठा खर्च घरपट्टीतून चालतो. न्यू जर्सीची घरपट्टी त्या देशात सर्वांत जड. २०२४ साली एका घरामागे सरासरी वार्षिक आकडा दहा हजार डॉलरच्या पुढे गेला आणि त्यातला निम्म्याहून अधिक वाटा शाळांना जातो. राज्यात नगरपालिका साडेपाचशेहून अधिक आणि शाळांचे जिल्हे सहाशेच्या आसपास. बहुतेकांचे निवडून आलेले मंडळ, प्रत्येकाचा अर्थसंकल्प वेगळा. तेव्हा फी नाही असे नव्हे. फी घराच्या किमतीत घातलेली आहे आणि ती एकदम भरावी लागते.

सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ साली हीच गोष्ट मोजून दाखवली होती. बॉस्टनच्या उपनगरांत शाळांच्या हद्दीला लागून, रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे असलेली घरे त्यांनी ताडून पाहिली. वस्ती तीच, बाजार तोच, फक्त शाळा निराळी. शाळेचे चाचणी-गुण ५ टक्क्यांनी अधिक असतील तर लोक घराला सुमारे २.५ टक्के जास्त मोजतात, असे त्यांना आढळले. आमच्या रस्त्यावर त्याहून अधिक मोजावे लागत होते. तेवढ्या वर्षांत बाजारही तापला होता.

घर पाहण्याच्या कामात मी थोडाफार उपयोगी पडलो. तिकडे प्रत्येक मिळकतीला ब्लॉक आणि लॉट असे दोन क्रमांक असतात आणि कोणत्या घराची आकारणी किती, पट्टी किती, मागची विक्री कधी आणि कितीला, हे घरबसल्या संगणकावर पाहता येते. सिटी सर्व्हेच्या कचेरीत प्रॉपर्टी कार्डाच्या नकलेसाठी लोकांना हेलपाटे घालताना मी पाहिले आहे. (काही मीही घालायला लावले असतील.) त्यामुळे पहिले दोन दिवस मी जेवणखाण विसरून शेजारपाजारच्या मिळकतींची कार्डे वाचत बसलो. एका गावाची फेरआकारणी कित्येक वर्षे झालेली नाही, ती झाली की या घराची पट्टी चढेल, हे मी मुलाला दाखवले तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले ते लहानपणी पाहत असे तसे.

पण त्याआधी जुलैत माझ्या हातून एक गोष्ट घडली होती. घरे दाखवणाऱ्या दलाल बाई फार गोड स्वभावाच्या. एका घराच्या ओसरीवर मी त्यांना सहज विचारले, ‘‘येथे वस्ती कशी आहे? आपले लोक आहेत का? शाळेत मुले कोणत्या घरांतली येतात?’’ बाई हसल्या आणि म्हणाल्या की या प्रश्नाचे उत्तर देण्याची मला मुभा नाही. आकडे सार्वजनिक आहेत, आपण स्वतः पाहावे. मुलगा कावराबावरा झाला. गाडीत बसल्यावर म्हणाला, ‘‘बाबा, असे विचारायचे नसते.’’

का विचारायचे नसते, ते पुढे गावच्या ग्रंथालयात बसून वाचले. १९३० नंतरच्या दशकात तेथील केंद्र सरकारच्या गृहकर्ज महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे केले आणि वस्त्यांना हिरवा, निळा, पिवळा, लाल असे रंग दिले. हिरवा म्हणजे कर्जाला उत्तम, लाल म्हणजे धोक्याचा. नकाशासोबतच्या तक्त्यांत घरांच्या वयाबरोबर राहणाऱ्यांचा वंशही लिहिलेला असे; आणि कृष्णवर्णीयांची वस्ती बहुधा लालच. रंग ज्यांनी भरला ते आमच्यासारखेच अधिकारी असणार, टेबलाशी बसून, दिलेल्या नमुन्याप्रमाणे. १९६८ च्या कायद्याने घराच्या व्यवहारातील असा भेदभाव निषिद्ध ठरला, आणि गिऱ्हाइकाला ‘त्याच्या’ लोकांच्या वस्तीकडे वळवणेही. मी ओसरीवर विचारले ते नेमके तेच.

आपण बडोदेकरांनी तर हा प्रश्न अधिक जपून विचारायला हवा. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ते विद्यापीठ मुलाच्या घरापासून दीड तासावर. आम्ही पाहून आलो. तेच आंबेडकर १९१७ साली संस्थानच्या नोकरीवर बडोद्यात आले तेव्हा त्यांना या शहरात राहायला घर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेल्यावर ते कमाटीबागेतील झाडाखाली बसले. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. सकाळी फिरायला मी तेथूनच जातो. शिवाय नोकरीत असताना, १९९१ च्या अशांत धाऱ्याखाली घर विकण्याच्या परवानगीचे अर्ज माझ्या टेबलावर येत. विकणारा कोण, घेणारा कोण, शेजाऱ्यांचे जबाब काय. कायद्याचा हेतू दंगलीच्या धास्तीने पडत्या भावात होणारी विक्री रोखण्याचा. तो समजण्यासारखा आहे. पण शेजाऱ्यांचे ते जबाब म्हणजे ‘वस्ती कशी आहे’ या प्रश्नाचीच उत्तरे असत, आणि त्यांवर मी सह्या केल्या आहेत. असो.

आता शाळांविषयी. डाव्या हाताच्या शाळेला एका संकेतस्थळाने दहापैकी नऊ गुण दिलेले, उजवीकडच्या शाळेला सहा. सूनबाईंचे मन त्या नवावर बसले होते आणि त्यांना दोष देता येत नाही. आई म्हणून त्यांच्यासमोर दुसरे काय होते? परंतु राज्याचा शिक्षण विभाग प्रत्येक शाळेचा सविस्तर वार्षिक अहवाल प्रसिद्ध करतो. तो आम्ही काढला. चाचणीतील उत्तीर्णांचा आकडा हा बव्हंशी मुले कोणत्या घरांतून येतात ते सांगतो. डॉक्टर-इंजिनियरांच्या, शिकवण्या लावणाऱ्या घरांतील मुले ज्या शाळेत जातात तिचा आकडा चढाच असणार. शिक्षकांनी काय केले हे त्यात दिसत नाही. ते पाहायला अहवालात एक वेगळा आकडा असतो. गेल्या वर्षी ज्या मुलांना सारखे गुण होते त्यांच्या तुलनेत या मुलाने यंदा किती मजल मारली, याचा तो मध्यांक. पन्नास म्हणजे बेताची प्रगती. डावीकडच्या शाळेचा हा आकडा एक्कावन्न होता आणि उजवीकडच्या सहाच्या शाळेचा एकोणसाठ. वर्षातील दहा टक्के किंवा अधिक दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलांचे प्रमाणही तेथे छापलेले असते. त्यात मात्र डावीकडची शाळा सरस होती. मी दोन्ही सांगितले.

सूनबाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘‘बाबा, एक विचारू? राग मानू नका. यांना तुम्ही मराठी शाळेत का नाही घातले?’’

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी स्वतः सातवीपर्यंत रावपुऱ्यातील मराठी शाळेत शिकलो. शिक्षक उत्तम होते. १९९४ साली मुलाच्या शाळेचा प्रश्न आला तेव्हा मी त्या शाळेत जाऊन वर्ग पाहिला का? नाही. कचेरीतले सगळे मुलांना इंग्रजी माध्यमात घालत होते. तेवढ्यावर निर्णय झाला, आणि त्या शाळेच्या बसच्या सोयीसाठी आम्ही वाडा सोडून समा भागातील सोसायटीत बंगला घेतला. आमच्यासारख्या घरांनी पाठ फिरवली तसे त्या मराठी शाळेचे वर्ग ओस पडले आणि पुढे लोक म्हणू लागले, तेथे आहेच काय? ज्या आकड्याच्या मागे धावू नका असे मी सूनबाईंना सांगत होतो, तो आकडा घडवण्यात माझाही हात होता. मी एवढेच म्हटले, ‘‘तुमचे बरोबर आहे.’’ त्यांनी विषय वाढवला नाही. हा त्यांचा मोठेपणा.

पुढचे काही दिवस आम्ही दोघे म्हातारे रिकामेच होतो. शाळांना सुट्टी होती, नाहीतर दुपारी तीन वाजता दोन्ही फाटकांपाशी उभे राहिलो असतो; सुटणारी मुले धावत येतात की खाली मान घालून, यावरून पुष्कळ कळते असे सौ. म्हणते, आणि ती तीस वर्षे शिक्षिका होती. तेव्हा आम्ही दोन्ही गावांची सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. डावीकडच्या गावाची इमारत देखणी, पण तेथे मोटारीशिवाय जाता येत नाही, पदपथच नाही. उजवीकडच्या गावचे ग्रंथालय जुने, थोडे कोंदट. शनिवारी सकाळी आत पाऊल टाकले तर बाया-मुलांची गर्दी. एका कोपऱ्यात इंग्रजी शिकायला आलेले प्रौढ, एका टेबलावर गणिते सोडवणारी मुले, एका फळीवर गुजराती, हिंदी आणि आठ-दहा मराठी पुस्तके. आठ-दहाच, पण पाने दुमडलेली होती.

तेथे मला बोर्डन आठवले. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या राज्याला लागू केला, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. शिकलेला मुलगा वाचायला काही नसेल तर पुन्हा निरक्षर होतो, म्हणून महाराजांनी ग्रंथालयांचा विचार केला. अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तेथील सार्वजनिक वाचनालये पाहिली होती. विल्यम अॅलन्सन बोर्डन या न्यू हेवनच्या ग्रंथपालाला त्यांनी बोलावून घेतले. तो १९१० साली बडोद्यास आला आणि त्याने येथील ग्रंथालयखाते उभे केले. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातील लोखंडी मांडण्या पाहत मी वाढलो. खेड्यांकडे पेट्यांतून फिरती पुस्तके जात, हे आजोबा सांगत. म्हणजे अमेरिकेतले गाव पारखण्याची ही कसोटी मी बडोद्यातच शिकलो होतो. ती मुळात तिकडूनच आलेली होती एवढेच.

एका संध्याकाळी डावीकडच्या गावात नियोजन मंडळाची जाहीर सभा होती. कोणीही जाऊन बसावे. विषय होता रस्त्यालगतच्या जागेवर भाड्याच्या घरांची इमारत. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली माउंट लॉरेल या गावाच्या खटल्यात ठरवून दिले आहे की, प्रत्येक गावाने आपल्या वाट्याची परवडणारी घरे होऊ द्यावीत. केवळ मोठ्या भूखंडांचे नियम करून गरिबाला बाहेर ठेवता येणार नाही. निकालाला पन्नास वर्षे होत आली तरी प्रत्येक इमारतीवर वाद. लोक एकेक करून उठत आणि अतिशय सभ्य भाषेत बोलत. वाहतूक वाढेल. सांडपाण्याची सोय नाही. शाळेवर भार पडेल. वंशाचा, पैशाचा उल्लेख नाही. बोलणाऱ्यांत आपल्याकडची दोन-तीन मंडळीही होती, नुकतीच त्या गावात आलेली असावीत. परत येताना मुलगा गाडीत गप्प होता.

तरीही निर्णय झाला तो या कशाने नाही. पाण्याने झाला.

डावीकडच्या घरामागे एक ओढा होता. घर दाखवताना त्याचे कौतुक झाले होते. २०२४ च्या मार्चपासून न्यू जर्सीत घर विकणाऱ्याने पुराची माहिती लेखी देणे बंधनकारक झाले आहे. त्या नमुन्यात घरमालकाने प्रामाणिकपणे लिहिले होते की, सप्टेंबर २०२१ मध्ये ‘आयडा’ वादळाच्या वेळी तळघरात चार फूट पाणी आले. सरकारी पूर-नकाशा पाहिला तर घर धोक्याच्या रेषेच्या जेमतेम बाहेर. म्हणून बँकेला पूरविमा नको. मुलगा म्हणाला, ‘‘शंभर वर्षांत एकदा येणारा पाऊस होता तो.’’

शंभर वर्षांत एकदा याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक. कर्ज तीस वर्षांचे धरले तर तेवढ्या काळात तसा पूर एकदा तरी येण्याची शक्यता शेकडा सव्वीसच्या घरात जाते. हे गणित मी त्याला सांगणार होतो. सांगावे लागले नाही. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीला पूर आला. शेजाऱ्यांनी फोनवर छायाचित्रे पाठवली. आमच्या समाच्या बंगल्यात जिन्याच्या पायऱ्या बुडाल्या होत्या, देव्हारा तरंगत होता, मुलाच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांची पेटी पाण्याखाली. २००५ साली पाणी आले तेव्हाही सगळे म्हणाले होते, असे शंभर वर्षांत एकदाच होते. पुन्हा २०१९ साली आले. १९९४ साली तो बंगला घेताना मी तीस वर्षांचा टायटल शोध स्वतः घेतला होता. बिनशेतीचा हुकूम तपासला होता. अठरापैकी अकरा घरे मराठी आहेत म्हणून समाधान मानले होते. शाळेची बस नाक्यावर थांबते हे पाहिले होते. नदी किती अंतरावर आहे, हे महसूल खात्यातल्या माणसाने विचारले नव्हते.

ती छायाचित्रे सूनबाईंनी मुलाच्या हातून घेतली, बराच वेळ पाहिली आणि दलाल बाईंना फोन लावला. उजवीकडचे घर ऑक्टोबरात त्यांच्या नावावर झाले. नात सहाच्या शाळेत जाते. तिला बाई आवडतात, डबा आवडत नाही. याहून अधिक काही इतक्यात सांगता येणार नाही. सूनबाई अजूनही कधीकधी त्या नवाच्या शाळेचा अहवाल उघडून पाहतात, असे मुलगा म्हणतो. पुढेमागे पश्चात्ताप झाला तर त्यात माझा वाटा असेलच.

वाडा राहिला. आम्ही दोघे आता समाचा बंगला काढून दांडिया बाजारात परतण्याच्या विचारात आहोत. दुसऱ्या मजल्याचा जिना गुडघ्यांना भारी पडेल, तरीही. गेल्या महिन्यात एक तरुण गुजराती जोडपे बंगला पाहायला आले. कडेवर दोन वर्षांचा मुलगा. भिंतींना नवा रंग दिलेला, फरशी चकचकीत. मालमत्ता हस्तांतराच्या १८८२ च्या कायद्यात, मालाचा मोठा छुपा दोष विकणाऱ्याने सांगावा असे कलम आहे. पण पाण्याविषयी कोणी आपण होऊन सांगितल्याचे माझ्या उभ्या नोकरीत पाहिले नाही. त्या तरुणाने टायटलचे विचारले, बाजारभावाचे विचारले, कोणत्या शाळेची बस येते ते विचारले. मग बायकोकडे एकदा पाहून हळूच म्हणाला, ‘‘काका, वस्ती केवी छे?’’

सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, वस्ती चांगली आहे, आणि त्यांना जिन्यापाशी नेऊन पाचव्या पायरीवर हात ठेवला. पाणी येथपर्यंत होते.